जोखमीचे माप: पीक विम्यामागचे संख्याशास्त्र

प्रस्तावना

१९७२ साली आपल्या देशात पीक विम्याचा एक प्रयोग सुरू झाला. सुरुवात गुजरातेत, एच-४ या संकरित कापसावर. पुढे तो भुईमूग, गहू, बटाटा अशा पिकांपर्यंत आणि महाराष्ट्रासह आणखी काही राज्यांत पोचला. विमा प्रत्येक शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेताचा होता: ज्याचे पीक गेले त्याला भरपाई, ज्याचे आले त्याला नाही. ऐकायला याहून न्याय्य काही नाही. १९७८-७९ पर्यंत चाललेल्या या योजनेत एकूण ३,११० शेतकरी आले. हप्त्यापोटी ४.५४ लाख रुपये जमा झाले आणि भरपाईपोटी ३७.८८ लाख गेले. रुपया आला की आठ रुपयांहून जास्त बाहेर, असा हा हिशेब.

१९७९ साली दुसरी योजना आली. ती १९८५ पर्यंत तेरा राज्यांत चालली, ६.२७ लाख शेतकऱ्यांपर्यंत गेली. हप्ता १९६.९५ लाख, भरपाई १५७.०५ लाख. शेतकरी तसेच होते आणि पाऊसही पूर्वीइतकाच लहरी होता. मुख्य बदल झाला तो मोजणीच्या पद्धतीत. एकेका शेताचे नुकसान मोजण्याऐवजी अख्ख्या परिसराचे सरासरी उत्पादन मोजायचे आणि ते ठरावीक पातळीखाली गेले तर त्या परिसरातल्या प्रत्येक विमाधारकाला त्याच प्रमाणात भरपाई द्यायची, असे ठरले. या कल्पनेमागे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर होते. १९७६ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये त्यांनी तिची मांडणी केली होती. आज प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या पोर्टलवर अर्ज भरणारा शेतकरी ज्या नियमांखाली अर्ज भरतो, त्यांचा पाया तोच आहे.

पीक विम्यावर मराठीत कमी लिहिले जात नाही. कंपन्यांच्या नफ्यावर, सरकारच्या घोषणांवर, बोगस अर्जांवर रकाने भरतात. त्यातले बरेचसे खरेही असते. पण भरपाई मिळणार की नाही हे ज्या दोनतीन आकड्यांवर ठरते, ते कसे तयार होतात याबद्दल कोणी बोलत नाही. संख्याशास्त्र जोखमीचे माप कसे काढते, कुठे चांगले काढते आणि कुठे फसते, हे समजून घ्यायला आपल्याकडे पीक विम्याइतके जवळचे उदाहरण नाही. म्हणून हे पुस्तक.

आयुर्विम्याचे गणित सोपे आहे असे म्हटले की विमागणिती रागावतील. पण तुलनेने ते सोपेच. दहा हजार माणसांचा विमा उतरवला आणि त्या वयात वर्षभरात मृत्यू येण्याचे प्रमाण शंभरात एक असेल, तर सरासरी शंभर दावे येतील. प्रत्यक्षात कधी नव्वद, कधी एकशे दहा. ऐंशीच्या खाली किंवा एकशे वीसच्या वर क्वचित. एकाच्या मृत्यूचा दुसऱ्याच्या मृत्यूशी सहसा संबंध नसतो, त्यामुळे गर्दी जितकी मोठी तितका अंदाज पक्का. अर्थात गर्दी कोणाची, हा प्रश्न तिथेही होताच. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी कंपन्या भारतीयांकडून जादा हप्ता घेत. १८७० साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल लाइफ अ‍ॅश्युरन्स सोसायटीने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा दिला. माणसाला कोणत्या गटात बसवायचे हे आधी ठरते, जोखीम नंतर मोजली जाते.

शेतीत ही गर्दीची मदतच मिळत नाही. पावसाने पाठ फिरवली की ती एका बांधापुरती फिरवत नाही. तालुकेच्या तालुके होरपळतात. लातूर जिल्ह्यातल्या दहा हजार सोयाबीन उत्पादकांचा विमा उतरवला म्हणजे दहा हजार वेगवेगळ्या जोखमी गोळा झाल्या असे होत नाही. एकच मोठी जोखीम दहा हजार ठिकाणी लिहिलेली असते. सहा वर्षे कोणी भरपाई मागत नाही आणि सातव्या वर्षी सगळे मागतात. म्हणून पीक विम्यात पुनर्विमा, म्हणजे विमा कंपनीचाच विमा, लागतो, सरकारी पैसा लागतो, आणि दहा वर्षांच्या नोंदींवरून दर ठरवताना त्या दहा वर्षांत एखादा १९७२सारखा दुष्काळ होता की नव्हता यावर सगळा आकडा हलतो.

दांडेकरांनी या दोषाचाच उपयोग करून घेतला. नुकसान सगळ्यांचे एकदमच होत असेल, तर प्रत्येकाचे वेगळे मोजायचे कशाला? परिसराची सरासरी मोजा. यात फायदे तीन आणि तिन्ही व्यवहारातले. लाखो शेतांवर माणूस पाठवावा लागत नाही. ज्याचे पीक हमखास जाते तोच विमा काढतो, ही अडचण हलकी होते. आणि विमा आहे म्हणून कोणी खुरपणी टाळली तर त्याचे नुकसान त्यालाच, कारण भरपाई त्याच्या शेतावर अवलंबून नाही. उलट शेजाऱ्यांपेक्षा जास्त मेहनत करणाऱ्याला स्वतःचे जास्तीचे पीकही मिळते आणि वाईट वर्षी भरपाईही. अशाच धर्तीची कल्पना म्हैसूर संस्थानातल्या जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० साली पुस्तकरूपाने मांडली होती. त्यांनी पिकाऐवजी पावसाची सरासरी धरली होती. तिच्याकडे त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नाही.

किंमत अर्थातच आहे. ओढ्याकाठच्या ज्या शेतकऱ्याचे सोयाबीन पाण्याखाली गेले आणि परिसराची सरासरी मात्र बरी आली, त्याच्या हाती काही पडत नाही. तो म्हणतो, माझे पीक गेले हे गाव सांगेल. गाव सांगते, आणि नियम सांगतो की तुझे पीक विचारलेच नव्हते. योजनेच्या रचनेतच असलेल्या या तफावतीला भ्रष्टाचार म्हणणे चुकीचे आहे, आणि ती शेतकऱ्याला आधी समजावून न सांगणे त्याहून चुकीचे. परिसर जितका लहान तितकी ही तफावत कमी. म्हणून तालुक्यावरून महसूल मंडळावर आणि मंडळावरून ग्रामपंचायतीवर या, अशी मागणी सतत होते. ती योग्यही वाटते. पण मोजणीचा भाग पाहिल्याशिवाय तिचे समर्थन करू नये.

आधी उंबरठा उत्पन्न. मंडळाची सरासरी ज्या रेषेखाली गेली की भरपाई सुरू होते, ती ही रेषा. सध्याच्या योजनेत मागच्या सात वर्षांपैकी सर्वांत चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेतात आणि तिला जोखीमस्तराने, समजा ७० टक्क्यांनी, गुणतात. एका काल्पनिक मंडळात सोयाबीनचे हेक्टरी उत्पादन सात वर्षांत असे आले: १,४५०, ६००, १,३००, १,५००, ९००, १,४००, १,३५० किलो. चांगल्या पाचांची सरासरी १,४००, उंबरठा ९८०. सातही वर्षे धरली असती तर सरासरी १,२१४ आणि उंबरठा ८५०. यंदा ८८२ किलो पिकले, तर पहिल्या नियमाने विमा रकमेच्या १० टक्के भरपाई. ५० हजारांचा विमा असेल तर ५ हजार रुपये. दुसऱ्या नियमाने शून्य. दोन्ही नियम ‘सरासरी’च आहेत.

चांगली पाच वर्षे घेण्याचा नियम शेतकऱ्याच्या बाजूचा आहे हे उघड आहे. पण सातांत तीन वर्षे दुष्काळ पडला, तर पाचांत एक दुष्काळी वर्ष येतेच. चार पडले तर दोन. मराठवाड्यातल्या काही भागांत हे नवलाचे नाही. जिथे पीक वारंवार बुडते तिथे उंबरठाच खाली सरकतो, आणि पुढच्या दुष्काळात भरपाई कमी होते. ज्याला विम्याची गरज जास्त त्याचे संरक्षण कमी. सूत्रात कुठेही अन्यायाचा हेतू नाही, तरी परिणाम हा होतो. मागच्या नोंदींवरून पुढची जोखीम काढणाऱ्या प्रत्येक पद्धतीत हा धोका आहे. सात वर्षे थोडी आहेत, आणि सत्तर वर्षे घेतली तर त्यांतली पहिली पन्नास आजच्या हवामानाची, आजच्या वाणांची नाहीत. या पेचावर उपाय आहेत. शेजारच्या मंडळांच्या नोंदींचा आधार घेणे, वाढत्या उत्पादकतेचा कल वेगळा काढणे, पावसाच्या जुन्या नोंदींशी पीक जोडून पाहणे. प्रत्येक उपायासाठी काहीतरी गृहीत धरावे लागते, आणि काय गृहीत धरले ते मोठ्या अक्षरात लिहायला हवे.

आता यंदाचे उत्पन्न. ते मोजतात पीक कापणी प्रयोगाने. मंडळातली गावे, गावातले गट, गटातले शेत आणि शेतातला कोपरासुद्धा यादृच्छिक अंकांनी निवडायचा, ठरावीक मापाचा चौकोन दोरीने आखायचा, त्यातले पीक कापून, मळून, वाळवून तोलायचे. हे काम तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांच्यात वाटलेले असते. योजनेच्या मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार महसूल मंडळाला एका पिकासाठी किमान दहा प्रयोग, आणि मुख्य पिकासाठी ग्रामपंचायत हे एकक धरले तर किमान चार.

दहा चौकोनांवरून हजारो हेक्टरांचा निकाल! शहरी वाचकाला हे हास्यास्पद वाटेल. पण नमुना यादृच्छिक असेल तर दहा चौकोन बरेच काही सांगतात. किती सांगतात हेही काढता येते, आणि संख्याशास्त्राचे खरे मोल तिथेच आहे. शेताशेतांत उत्पादनाचा फरक ३० टक्क्यांचा असेल, तर दहांच्या सरासरीत सुमारे साडेनऊ टक्क्यांची डळमळ राहते. चारांच्या सरासरीत पंधरा. म्हणजे मंडळ सोडून ग्रामपंचायतीवर आलो की परिसर जवळचा होतो आणि मोजणी ढिली होते. एकीकडे कमावले ते दुसरीकडे गमावले. प्रयोग वाढवले तर दोन्ही साधेल, पण डळमळ निम्मी करायला प्रयोग चौपट लागतात, आणि त्यासाठी माणसे कुठून आणणार हा प्रश्न गणिताचा नाही.

वरच्याच मंडळात खरे उत्पन्न १,००० किलो आहे असे समजू. उंबरठा ९८०, म्हणजे भरपाई बसत नाही. पण दहा प्रयोगांची सरासरी नशिबाने ९८० च्या खाली येण्याची शक्यता शंभरात चाळीसच्या आसपास आहे. उलट खरे उत्पन्न ९३० असेल, भरपाई बसायलाच हवी, तरी ती न बसण्याची शक्यता शंभरात पंचवीसहून जास्त. कोणी लबाडी केलेली नाही, कोणी पैसे खाल्लेले नाहीत. तरी एका मंडळात फटाके आणि शेजारच्या मंडळात मोर्चा.

या डळमळीचा आणखी एक परिणाम आहे आणि तो माझ्या मते सर्वांत कमी समजलेला आहे. मोजणी कधी वर, कधी खाली चुकत असेल तर शेवटी हिशेब बरोबरीत सुटतो, असे आपण धरून चालतो. विम्यात तो सुटत नाही. सरासरी चुकून खाली आली तर कंपनी पैसे देते. चुकून वर आली तर शेतकरी कंपनीला पैसे देत नाही. चूक दोन्ही बाजूंना, पैसा एकाच बाजूला. खरे उत्पन्न बरोबर उंबरठ्यावर असताना केवळ साडेनऊ टक्क्यांच्या डळमळीपायी निघणारी भरपाई सरासरीने विमा रकमेच्या ३.८ टक्के भरते. खरिपात शेतकऱ्याचा हप्ता २ टक्के. म्हणजे अशा वर्षी मोजणीच्या ढिलाईची किंमतच शेतकऱ्याच्या हप्त्याच्या जवळजवळ दुप्पट होते. कंपनी ती दरात धरते, सरकार अनुदानातून भरते, आणि सभागृहात प्रश्न विचारला जातो की दर इतके जास्त का.

हे झाले इकडेतिकडे विखुरणाऱ्या चुकीचे. एकाच दिशेला झुकणारी चूक वेगळी आणि जास्त घातक, कारण ती प्रयोग वाढवून जात नाही. तिचा भारतातला सर्वांत प्रसिद्ध वाद एका सातारकराच्या नावाशी जोडलेला आहे. साताऱ्याजवळच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९४० मध्ये कृषी संशोधन परिषदेत दाखल झाले आणि व्ही. जी. पानसे यांच्या साथीने त्यांनी पीक कापणीची यादृच्छिक पद्धत देशभर रुजवली. तिकडे बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस अगदी छोट्या आकाराचे नमुने घेत होते. छोटे नमुने स्वस्त, झटपट आणि संख्येने जास्त घेता येतात. सुखात्म्यांनी दाखवले की नमुना जितका लहान तितके उत्पादन जास्त भरते. १९४६ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी हे मांडले. कारण साधे आहे. लहान चौकोनाच्या क्षेत्राच्या मानाने त्याची कड मोठी, आणि कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर हे ठरवणारा हात थोडा आतल्या बाजूला ओढतो. रोपागणिक ही चूक नगण्य. हेक्टरावर नेली की तिचे पोते होते.

महालनोबिसांचे मोठेपण यात कमी होत नाही. १९२६ च्या ओरिसातल्या महापुरानंतर ब्राह्मणी नदीचे पात्र वर आले आहे, म्हणून बांध उंच करा असे तज्ज्ञ सांगत असताना, अनेक दशकांच्या पाऊस-पाण्याच्या नोंदी तपासून पात्र वर आलेले नाही हे त्यांनीच दाखवले. त्या वादातही मुद्दा हाच होता की, सूत्र लावण्याआधी माप तपासा. दोन मोठ्या संख्याशास्त्रज्ञांनी दोरी किती लांब असावी यावर भांडावे, हे मला या विषयाचे भूषण वाटते. आजच्या कापणीत कल कुठल्या बाजूचा आहे? विमा नसता तर कदाचित वरचा. विमा आल्यावर गावाला आकडा कमी हवा असतो आणि शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या कंपनीच्या प्रतिनिधीला जास्त. मध्ये दोरी धरून कृषी सहायक. जोखीम मोजणारा माणूस स्वतःच जोखमीत सापडला आहे, हे कुठल्याही क्रमिक पुस्तकात लिहिलेले नसते. कापणीची छायाचित्रे स्थळाच्या नोंदीसह मोबाइलवरून चढवण्याची सोय झाली, ती त्यासाठीच.

दरांबद्दल थोडक्यात. १९८५ च्या सर्वंकष पीक विमा योजनेत तृणधान्यांना २ टक्के, कडधान्ये व तेलबियांना १ टक्का असा देशभर एकच दर होता. जोखीम कुठे किती हे न पाहता लावलेला दर. १९९९ पर्यंत हप्ता सुमारे ४०० कोटी आला आणि भरपाई २,३०० कोटींच्या घरात गेली. तिचा जवळजवळ अर्धा भाग एकट्या गुजरातच्या भुईमुगाने घेतला. आता दर पीकवार आणि जिल्हावार काढतात, शेतकऱ्याचा वाटा मात्र खरिपाला २, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना ५ टक्के ठेवून बाकीचे सरकार भरते. हे चांगलेच आहे, पण खऱ्या दराचा आकडा शेतकऱ्याला दिसत नाही. आपले पीक किती धोक्याचे आहे याची सर्वांत स्वस्त माहिती त्या आकड्यात असते. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा दिला तेव्हा अर्ज दीड कोटींच्या वर गेले. त्या एका रुपयातून जोखमीबद्दल कोणाला काहीच कळण्याजोगे उरले नव्हते.

हवामानावर आधारलेला विमा हा दुसरा रस्ता. २००३ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगरला त्याचा छोटा प्रयोग झाला, २००७ पासून सरकारी योजना आली. आपल्याकडे द्राक्ष, डाळिंब, केळी, संत्र्याचे बागायतदार तो ओळखतात. पाऊस, तापमान यांचे आकडे यंत्र देते, त्यात हात घालणे कठीण, भरपाई लवकर. फक्त केंद्रावर पडलेला पाऊस बागेत पडलेला असतोच असे नाही. उपग्रहाचा तिसरा रस्ता २०२३ पासून उघडला. ठरावीक पिकांत तंत्रज्ञानाने काढलेल्या उत्पन्नाला किमान ३० टक्के वजन मिळाले. मला त्याबद्दल उत्साह आहे आणि एक शंकाही. उपग्रह हिरवेपणा पाहतो, क्विंटल पाहत नाही. हिरवेपणाचे क्विंटल करणारे प्रारूप शेवटी कापणी प्रयोगांच्या आकड्यांवरच घडवले आणि पारखले जाते. तिथे कल असेल तर तो आकाशातूनही तसाच दिसेल.

या सगळ्याला आत्ता निकड आली आहे ती एका निर्णयामुळे. खरीप २०२५ पासून राज्याने एक रुपयाची योजना बंद केली, आणि पावसाच्या खंडाचे अग्रिम, स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान असे भरपाईचे बाकीचे मार्ग काढून टाकून केवळ पीक कापणी प्रयोगावर भरपाई ठेवली. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने शेते खरवडून गेली. आता सगळा भार त्या चौकोनावर आहे. माझ्या मते बाकीचे मार्ग काढण्याआधी प्रयोगांची संख्या आणि देखरेख वाढवायला हवी होती. क्रम उलटा झाला.

पुस्तकाची पहिली तीन प्रकरणे दहावीचे गणित येणाऱ्या कोणालाही वाचता येतील. चौथ्यात पुनर्विमा आणि दुर्मीळ संकटांचे गणित आहे; ते कठीण आहे आणि सोपे करण्याच्या नादात मी ते खोटे केलेले नाही, वाटल्यास ते सोडून पुढे जावे. पाचव्यात प्रत्यक्ष कापणीची कृती क्रमाने दिली आहे. कृषी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी उदाहरणे हाताने सोडवावीत. शेतकरी संघटनांच्या कार्यकर्त्यांना आणि पत्रकारांना एक विनंती आहे. भरपाई जाहीर झाल्यावर निवेदन देण्यापेक्षा, आपल्या मंडळात यंदा कोणत्या गटात कोणत्या पिकाचे प्रयोग ठरले आहेत त्याची यादी हंगामातच तालुका कृषी कार्यालयातून मागा, आणि कापणीच्या दिवशी दोघेचौघे त्या शेतात जाऊन दोरी, चौकोन आणि काटा स्वतः पाहा.